थडीचे दगड

आमच्या घरात जुनं काही सांगायचं झालं की सुरुवात १८७२ च्या पुरानं व्हायची. त्या साली पांझरा आणि गिरणा दोघी एकदमच उतल्या. एकट्या धुळ्यात पाचशे घरं वाहून गेली, १५२ गावांचं नुकसान झालं, असं इंग्रजांच्या गॅझेटियरात लिहिलेलं आहे. माझ्या आजोबांनी तो पूर पाहिलेला नव्हता, त्यांच्या आजानं पाहिला होता. पण सांगताना आजोबांचा हात थडीकडंच जायचा. घर पुन्हा बांधता येतं. थडी ढासळली की वावर गेलंच. सातबाऱ्यावर एकर तेवढेच राहतात, नांगराखाली मात्र कमी येतात.

आमचं वावर साक्री तालुक्यात, पांझरेच्या वळणावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा मार जास्त. पाणी खालून पायथा खातं, मग वरची माती आपोआप कोसळते. आबा शाळेत गेले नव्हते, पण हे त्यांना ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात ते बैलगाडीनं टेकडीवरचा काळा दगड आणत. नदीतला गोटा घेत नसत, तो घरंगळतो. कंगोऱ्याचा दगड एकमेकांत अडकतो. आधी थडीला उतार द्यायचा, त्यावर मुरूम, मग दगड. सगळ्यात जड दगड पायथ्याला, चर खोदून. मुरूम नसला तर पूर ओसरताना फटींतून माती निघून जाते.

मी दहावी झालेलो. मला ते अडाण्याचं काम वाटे. आबा थकल्यावर मी कर्ज काढून सिमेंटची भिंत घातली. आबा एवढंच म्हणाले, "दगडले बसू दे रे भाऊ, बांधू नको." दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्यानं भिंतीचा पाया उघडा केला, मागं मुरलेल्या पाण्यानं तिला ढकललं, आणि अख्खी भिंत नदीत आडवी झाली. सोबत दहा गुंठे गेले. आबांच्या दगडांखालची वाळूही गेली होती. पण ते दगड खाली सरकले, खड्ड्यात बसले आणि थडी राहिली.

पांझरेवरचे फडाचे जुने बंधारे चुन्यात बांधलेले आहेत, हे खरं. पण ते कातळ पाहून बांधले. आमच्या वळणाला कातळ नाही, वाळू आहे. हा फरक मला दहा गुंठे देऊन कळला.

आता इंजिनियर लोक याला पिचिंग म्हणतात, तारेच्या जाळीत दगड भरले तर गॅबियन. नावं नवी आहेत, काम तेच. नवं संकट वेगळंच आहे. रात्री वाळूचे ट्रॅक्टर पात्रात उतरतात. पात्र खोल गेलं की पायथ्याचे दगड उघडे पडतात. गेल्या उन्हाळ्यात मी आणि मुलानं पुन्हा दोन ट्रॉल्या दगड पायथ्याला टाकले. मुलगा घाम पुसत म्हणाला, "नाना, हे दरसाल करायचं का?"

मी म्हटलं, "नांगरटी दरसालच करतो ना?"