अकिहाबारा

अकिहाबारा हा जपानची राजधानी तोक्यो येथील एक व्यापारी परिसर आहे. विद्युत उपकरणे, संगणक, व्हिडिओ गेम, ॲनिमे व मांगा यांची दुकाने आणि बहुमजली गेम सेंटर यांसाठी तो प्रसिद्ध आहे. हा परिसर मुख्यतः शहराच्या चियोदा विभागात, अकिहाबारा रेल्वे स्थानकाभोवती वसलेला असून बोलीभाषेत त्यास ‘अकिबा’ असे म्हणतात.

नाव

इ.स. १८६९ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीनंतर येथील जागा मोकळी ठेवण्यात आली व १८७० मध्ये तेथे आगीपासून रक्षणासाठी एक देवस्थान उभारले गेले. हे स्थान अग्निरक्षक देव ‘अकिबा’ याचेच आहे, असा लोकांचा समज झाला. त्यावरून त्या मैदानास ‘अकिबाचे मैदान’ या अर्थाचे नाव पडले व त्याचेच पुढे ‘अकिहाबारा’ झाले.

इतिहास

येथील स्थानक १८९० मध्ये मालवाहतुकीसाठी सुरू झाले. प्रवासी वाहतूक १९२५ पासून होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात काळाबाजार फोफावला. जवळच्या विद्युत अभियांत्रिकी शाळेतील विद्यार्थी रेडिओ जोडून विकत, त्यामुळे सुट्या भागांना मोठी मागणी होती. १९४९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने रस्त्यावरील विक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक विक्रेत्यांना रेल्वेमार्गाच्या पुलाखाली जागा मिळाली. अवघ्या काही फुटांच्या गाळ्यांचा ‘रेडिओ सेंटर’ हा बाजार त्या काळाची खूण आहे.

आर्थिक भरभराटीच्या काळात दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्र व शीतकपाट यांच्या विक्रीमुळे अकिहाबारास ‘विद्युतनगरी’ ही ओळख मिळाली. १९७६ मध्ये एनईसी कंपनीने ‘रेडिओ काइकान’ या इमारतीत संगणकप्रेमींसाठी केंद्र उघडले. पुढे घरगुती उपकरणांचे ग्राहक उपनगरांतील मोठ्या दुकानांकडे वळले आणि त्यांची जागा संगणक व खेळांनी घेतली. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘विंडोज ९५’ची जपानी आवृत्ती येथे मध्यरात्री विक्रीस आली, तेव्हा मोठी गर्दी झाली होती. त्यानंतर ॲनिमे, मांगा व खेळण्यांच्या मूर्ती यांच्या दुकानांचे प्राबल्य वाढले.

२००५ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेस हा रेल्वेमार्ग व ‘योदोबाशी अकिबा’ हे विशाल विक्रीकेंद्र सुरू झाले. जुना फळे-भाजीपाला बाजार १९८९ मध्ये ओता येथे हलविण्यात आला होता. त्याच्या जागेवर कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. ८ जून २००८ रोजी मुख्य रस्त्यावर झालेल्या हल्ल्यात सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर रविवारी हा रस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी खुला ठेवण्याची पद्धत थांबविण्यात आली. ती २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली.

गेम सेंटर

१९७८ मध्ये तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आल्यावर जपानभर गेम सेंटरांचा प्रसार झाला. अकिहाबारातील केंद्रांत सामान्यतः तळमजल्यावर बक्षिसे उचलण्याची यंत्रे, तर वरच्या मजल्यांवर ताल, लढत व नेमबाजीचे खेळ असतात. तैतोचे ‘हे’ हे केंद्र जुन्या खेळांसाठी ओळखले जाते. ‘सुपर पोटॅटो’ या दुकानात वापरलेली जुनी यंत्रे व काडतुसे विकली जातात.

१९८६ मध्ये देशात २६ हजारांहून अधिक गेम सेंटर होते. २०२० च्या सुमारास ही संख्या चार हजारांच्या आसपास उतरली. घरगुती यंत्रे व मोबाइल यांची स्पर्धा हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण नाण्याशी निगडित आहे. बहुतेक यंत्रे शंभर येनच्या एका नाण्यावर चालत असल्याने करवाढीचा भार ग्राहकावर टाकता येत नाही. १९८९ मध्ये ३ टक्के असलेला उपभोग कर २०१९ मध्ये १० टक्के झाला. त्यामुळे पूर्वी एका खेळामागे सुमारे ३ येन करापोटी जात, तेथे आता सुमारे ९ येन जातात. यंत्रांच्या किमती, वीज व भाडे मात्र उरलेल्या रकमेतूनच भागवावे लागते.

कोविड-१९ साथीच्या काळात केंद्रे काही काळ बंद राहिली. २००३ पासून चालू असलेले ‘सेगा’चे दुसऱ्या क्रमांकाचे केंद्र ३० ऑगस्ट २०२० रोजी बंद झाले. त्याच वर्षी सेगाने या व्यवसायातील बहुतांश हिस्सा जेंडा या कंपनीस विकला व २०२२ पासून उरलेल्या केंद्रांवर ‘गीगो’ हे नाव आले.

सद्यस्थिती

आज येथील ग्राहकांत परदेशी पर्यटकांचे प्रमाण मोठे असून अनेक दुकाने करमुक्त विक्री करतात. ‘रेडिओ काइकान’ची जुनी इमारत पाडून २०१४ मध्ये नवी उभारण्यात आली. गेम सेंटरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बक्षिसे उचलण्याच्या यंत्रांतून येतो आणि अनेक ठिकाणी नाण्याऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे भरता येतात. रेडिओचे सुटे भाग विकणारे काही गाळे रेल्वेपुलाखाली अद्याप टिकून आहेत.