बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेसमोरून आपण शेकडो वेळा गेलेलो असतो. पण ज्याचं नाव तिथे लागलंय, त्याला याच संस्थेच्या प्रमुखपदावरून सरकारने निलंबित केलं होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत माणसं पटापट मरू लागली. हा प्लेग आहे, हे ओळखलं मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले. ओडेसाचा ज्यू माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि काही शिपाई. एवढ्यावर लस बनवायची!

मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली जंतू वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे. मांस कसलं, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. म्हणून बोकडाचं वापरलं. मला या माणसातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, लोकांना अडाणी ठरवण्याआधी त्यांची अडचण काय ते बघितलं. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, तरी काम चालू. पुढे आगाखानांनी सगळ्यांसमक्ष टोचून घेतलं, तेव्हा खोजा समाज पुढे आला.

त्याच वर्षी पुण्यात सोल्जर घराघरांत घुसत होते. त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. रोग एकच, हेतूही म्हणायला एकच. पण एकीकडे विचारून टोचत होते, दुसरीकडे दार फोडत होते.

मग आलं मुल्कोवाल. पंजाबातलं गाव, ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं, त्यातले १९ धनुर्वाताने गेले. सगळे १९ एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांना काही झालं नाही. चौकशी आयोगाने बोट दाखवलं ते मुंबईच्या प्रयोगशाळेकडे, कारण हाफकिननी कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णता वापरली होती. पण त्याच आयोगापुढे हेही आलं होतं, की बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडे वाढले असते तर घाण वास आला असता. उघडताना तसा वास आला नव्हता. हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही हो! तरी दोष मुंबईच्या माथी.

१९०७ मध्ये, मलेरियावर नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्रं लिहिली, तेव्हा कुठे सरकार हललं. हाफकिन परत आले, पण मुंबईत नाही, कलकत्त्यात. परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं. तोवर ते हिंदुस्थान सोडून युरोपात गेलेले होते.