सुपें आणि लेतिनो

‘अराजक’ हा शब्द आपल्या कानांना कडू लागतो. शांतिपर्वापासून आपण तो मात्स्यन्यायाच्या अर्थानेंच ऐकत आलों. युरोपांत प्रूधोंनें 1840 मध्यें तेंच बिरुद अभिमानानें धारण केलें, आणि पुढें बाकूनिनच्या अनुयायांनीं त्याचा पंथ बनविला. राजदंडावांचून समाज स्वतःस सांवरूं शकतो, हें त्या पंथाचें मूळ प्रमेय. त्याची परीक्षा पाहावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं 1874 च्या डिसेंबरांत काळूराम नांवाच्या सावकारानें हुकुमनामा मिळवून देशमुखांवर जप्ती आणली. गांवानें लाठी उचलली नाहीं. सावकारांशीं व्यवहार तोडला. त्यांचें शेत कोणी कसेना, न्हावी-पाणक्या दारीं फिरकेना. आयर्लंडांत बॉयकॉट साहेबाची फजिती झाली ती 1880 सालीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अमेरिकेचें युद्ध 1865 त संपून कापूस उतरला होता. त्यांत साराहि वाढला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें खत तीन वर्षांनीं बाद होई, म्हणून सावकार व्याज मुद्दलांत घालून नवें खत लिहवून घेई. कुणब्याच्या लेखीं हा कागदच वैरी ठरला. 12 मे 1875 रोजीं सुप्याच्या बाजारांत लोकांनीं सावकारांच्या घरांवर धांव घेतली. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें. आजचा दौंडचा मुलूखहि त्यांतच. तेथें लूट झाली, एके गांवीं एका सावकाराचा पाय मोडला. परंतु सामान्यतः खतें हातीं येतांच लोक तीं जाळून परत फिरले. पुढारी असा कोणी नव्हता.

दोन वर्षांनीं, 1877 च्या एप्रिलांत, मालातेस्ता व काफिएरो ह्यांनीं इटलींतील लेतिनो आणि गाल्लो ह्या डोंगरी गांवांत सरकारी दप्तरें जाळलीं. ग्रामस्थांनीं जयघोष केला, पण बंडांत कोणी शिरलें नाहीं. तेथें सिद्धांत होता, गांव नव्हता. येथें गांव होता, सिद्धांत नव्हता. कारण आमच्या कुणब्यांत त्या वेळीं अशी वदंता होती कीं, खतें काढून घेण्याचा हुकूम खुद्द विलायतेच्या राणीनेंच दिला आहे! ह्यांना अराजकवादी म्हणणें म्हणजे त्यांच्या राजनिष्ठेचा अपमान. तथापि चार-पांच महिने करडें गांवानें जो निर्बंध पाळला, तो कोणत्या राजाच्या आज्ञेनें?

सरकारनें आयोग नेमला आणि 1879 त शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती, हें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. कुणब्याचें प्रत्येक खत सरकारी नोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहिलें जाऊं लागलें.