श्वानपथक, वन्यजीवसंरक्षक
वन्य प्राण्यांची चोरटी शिकार व त्यांच्या अवयवांचा बेकायदा व्यापार हुडकून काढण्यासाठी खास शिकवून तयार केलेली कुत्री आणि त्यांचे हस्तक यांचे पथक. माणसाच्या नाकात सुमारे ५० लक्ष गंधग्राही पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात. अनेक वासांच्या मिश्रणातून नेमका एक वास वेगळा काढण्याची कुत्र्याची क्षमता हा या कामाचा आधार होय.

इतिहास : संरक्षणकार्यात कुत्र्याचा उपयोग प्रथम न्यूझीलंडमध्ये झाल्याचे दिसते. रिचर्ड हेन्री या रक्षकाने १८९० नंतरच्या दशकात काकापो व किवी हे उडू न शकणारे पक्षी कुत्र्याच्या साहाय्याने शोधून, त्या काळी सुरक्षित समजल्या गेलेल्या रेझल्यूशन बेटावर नेऊन सोडले. पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून तो कुत्र्याला मुसके बांधीत असे. पुढे रशियाच्या अतिपूर्व भागात विष्ठेच्या वासावरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्यास कुत्र्यांना शिकविण्यात आले (२००७).

महाराष्ट्रात ही विद्या प्रथम पोलीस खात्यात रुजली. पुण्यातील शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलेला ‘जंजीर’ (१९९२–२०००) हा लॅब्रॅडॉर कुत्रा तिचे सुपरिचित उदाहरण होय. मार्च १९९३ मधील मुंबईच्या बाँबस्फोटांनंतर मुंबई, मुंब्रा व ठाणे येथे दडविलेली स्फोटके हुडकण्यात त्याचा मोठा वाटा होता. 

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला, तरी तपासाची भिस्त दीर्घकाळ खबऱ्यांवरच राहिली. राजस्थानातील सरिस्का येथील वाघ शिकारीमुळे नाहीसे झाल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले आणि या व्यवस्थेची उणीव प्रकर्षाने जाणवली. २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो स्थापन झाला. २००८ मध्ये ‘ट्रॅफिक’ या संस्थेने वनखात्यांसाठी कुत्री शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यातील कुत्री लाभलेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होतो.

ठाणे-कल्याण परिसर : या परिसरात जंगल व बाजारपेठ एकमेकांना भिडलेली आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊर विभाग ठाणे शहराला लागून आहे. दुसरीकडे, मुंबईहून निघालेला लोहमार्ग (१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत) कल्याणला दुभंगून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. त्यामुळे दूरच्या जंगलांतील मालही येथून सहज हलविता येतो. बिबट्याची कातडी, मांडूळ आणि खवले मांजर यांच्या विक्रीचे प्रयत्न या पट्ट्यात वेळोवेळी पकडले गेले आहेत. केवळ जंगलाच्या सीमेवर पहारा ठेवून असा व्यापार थांबत नाही. फलाट, मालधक्के व गोदामे येथेही तपासणी करावी लागते आणि तेथे कुत्र्याचा विशेष उपयोग होतो.

प्रशिक्षण : जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर व बेल्जियन मॅलिन्वा या जाती प्रामुख्याने निवडतात. भोपाळ, टेकनपूर (ग्वाल्हेरजवळ) व पंचकुला (हरियाणा) येथील पोलीस व निमलष्करी दलांच्या केंद्रांत सुमारे सात ते नऊ महिने शिक्षण चालते. प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन हस्तक शिकतात. आरंभी आज्ञापालन, नंतर वाघ-बिबट्याची कातडी व हाडे, हस्तिदंत, अस्वलाचे पित्त इत्यादींचे वास ओळखणे, असा क्रम असतो. अचूक शोधाबद्दल खेळणे वा खाऊ मिळतो. वस्तू सापडताच तिला तोंड न लावता शांत बसून खूण करण्याची सवय लावतात, कारण पुराव्याची नासधूस टाळावयाची असते. मासळी, मसाले व गर्दी यांनी विचलित न होण्याचा सरावही आवश्यक असतो.

मर्यादा : कोकणच्या दमट उष्म्यात कुत्रा धापा टाकू लागला की त्याची हुंगण्याची क्षमता घटते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्याला विश्रांती देतात. मुसळधार पावसाने जमिनीवरील माग पुसला जातो. येऊरसारख्या भागात भटकी कुत्री हे बिबट्याचे नित्याचे भक्ष्य असल्याने पथकातील कुत्र्याला मोकळे सोडणे धोक्याचे असते. कुत्र्यांचे रोग वन्य प्राण्यांत पसरू नयेत म्हणून त्याचे लसीकरणही अत्यावश्यक ठरते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा कायद्याची आहे. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्याने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसे वजन दिले नाही. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही आणि त्याच्या वागण्याचा अर्थ हस्तकाच्या तर्कावर अवलंबून राहतो, हे आक्षेप तेथे विचारात घेतले गेले. म्हणून कुत्र्याने दाखविलेल्या वस्तूचा पंचनामा, तिची मोहोरबंद जपणूक आणि डेहराडून किंवा हैदराबाद येथील प्रयोगशाळांत डीएनए-परीक्षेने होणारी तिची ओळख, यांवरच खटला उभा राहतो. यांपैकी एक दुवा निखळला, तर कुत्र्याचा अचूक शोधही न्यायालयात निष्फळ ठरतो.