नागपूरकर भोसल्यांचा गृहकलह : कुटुंबरचनेच्या दृष्टीने

कुटुंबकलहाचे मूळ एकाच व्यक्तीच्या स्वभावात न शोधता परस्परसंबंधांच्या रचनेत शोधावे, असे प्रतिपादन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी केले. दोघांतील ताण वाढला की तिसऱ्यास मध्ये ओढले जाते. ताण हलका होतो, परंतु मिटत नाही.

काटोलचा मुलूख ज्यांच्या राज्यात होता, त्या नागपूरकर भोसल्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इ. स. १७५५ मध्ये पहिले रघूजी निवर्तले. जानोजी वयाने थोरले, तर मुधोजी थोरल्या पत्नीचे पुत्र. दोघांचाही दावा साधार होता. निवाडा पुण्यास गेला. पेशव्यांनी जानोजींस सेनासाहेब सुभा, तर मुधोजींस सेनाधुरंधर केले. पुढे निपुत्रिक जानोजींनी मुधोजींच्याच पुत्रास दत्तक घेतले. तथापि १७७२ मध्ये जानोजी वारताच त्यांचे सख्खे बंधू साबाजी व मुधोजी यांत तोच वाद पेटला. तेव्हा मध्यस्थ पुणेही चुलत्या-पुतण्यांच्या कलहाने दुभंगले; दोन्ही बंधूंना तेथे पाठीराखे मिळाले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले.

तात्पर्य, निवाडा बाहेरून आला. समेट घरात झाला नाही. रचनेवरून कलहाची परंपरा उलगडते; बंधुहत्येचे उत्तरदायित्व मात्र तिच्यावर ढकलता येत नाही.