तळटीप : दोन पावलांचा विलंब

१. 'दोन पावलांचा विलंब' : क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीने इ. स. ११८० च्या सुमारास, शांपाञची काउंटेस मारी हिच्या इच्छेनुसार रचिलेल्या लान्सेलोच्या पद्यकथेतील हा प्रसंग. अपहृत राणी ग्विनिव्हिअरचा ठावठिकाणा हवा असेल तर चोर-खुन्यांची धिंड काढावयाच्या गाडीत चढ, असे बुटका गाडीवान सांगतो तेव्हा विवेक सरदार लान्सेलोला इज्जतीची आठवण देतो, प्रेम उडी घेण्याचा हुकूम करते, आणि या कलहात तो दोन पावले रेंगाळतो. पुढे तलवारीच्या पात्यावरून उघड्या हातापायांनी रांगत नदी ओलांडून तो समोर उभा राहिला असता राणी त्याच्याशी बोलत नाही, ती एवढ्याच कसुरीबद्दल. यात केवळ सरंजामी चाकरीची नक्कल पाहणे मला फार अपुरे वाटते. कथा निम्मी होईपर्यंत कवी नायकाचे नावच उघड करीत नाही. राणीला पळवून नेणाऱ्या मेलेआगाँशी द्वंद्व चालू असता मनोऱ्यातील राणी ते प्रथम एका युवतीस सांगते, युवती त्याला हाक मारते, आणि राणी दिसताच तो इतका तन्मय होतो की शत्रूचे वार पाठमोराच परतवू लागतो. ज्याचे नावही प्रियेच्या मुखातून जगाला कळते, त्याने इज्जतीसाठी दोन पावले राखून ठेवणे म्हणजे 'मी'चा तेवढा अंश तिला नाकारणेच होय. काव्याचा शेवटचा भाग क्रेतियँच्या संमतीने गोदफ्रुआ द लाञी याने पुरा केला.