ओझर मिग

नाशिकहून आग्रा रोडने निघाले, की वीसेक किलोमीटरवर बाणगंगेकाठचे ओझर लागते. गाव निफाड तालुक्यातले, द्राक्षांचे. पत्ता मात्र 'ओझर (मिग)' असा लिहितात आणि बोलतानाही सर्रास 'ओझर मिग'च म्हणतात.

हा मिग मॉस्कोचा. मिकोयान आणि गुरेविच या विमानरचनाकारांच्या आडनावांतून तो जुळला. रशियनमध्ये 'आणि'ला 'इ' म्हणतात. म्हणजे 'मिग'मधली वेलांटी हा खरे तर रशियन 'आणि' आहे!

1962 साली भारताने मिग-21 विमाने देशातच बांधायचे ठरवले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी कामाची वाटणी झाली. 1964 मध्ये कारखाना आला.

ओझरच्या मातीत द्राक्षवेल तोवर चांगलीच रुजलेली होती. 1925 साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी इथे द्राक्षे लावली, असे सांगतात. नाशिकच्या द्राक्षशेतीचा उगम तिथला. आजही या बागांना वर्षात दोन छाटण्या लागतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते, तर ऑक्टोबरची छाटणी घड काढते. ऑक्टोबरात मजूर मंडपाखाली मान वर करून एकेक काडी डोळे मोजून कापतात आणि मागून येणारी बाई त्या डोळ्यांना पेस्ट लावत जाते, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. हे काम घाईने करून चालतच नाही. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट बसवणाऱ्यालाही हाच सबुरीचा हात लागतो.

नाशिकची वाढ सांगताना लोक सातपूर-अंबडच्या एमआयडीसीपासून सुरुवात करतात. ती ओझरपासून करायला हवी. शेती आणि कारखाना एकमेकांना खेटून वाढले, ते इथे.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ने हवाई दलाचा निरोप घेतला. तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, इथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने ओझरच्या धावपट्टीवरून झेप घेतली. भोवतालच्या शिवारात तेव्हा छाटणीचे दिवस होते. पत्त्यातला मिग अजून तसाच आहे.